परीक्षा नसलेल्यांचा मार्च

मार्च लागला की कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीचा आवाज कमी होत जातो. एकदम नव्हे; बैठकीतून एकेक वाद्य उठून जावं तसा. आधी केबलवाला येतो आणि दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरांच्या वायरी काढून जातो. मग तालमीच्या कट्ट्यावरचा कॅरम आत जातो. फुटबॉलचा सामना जिंकून आलेली पोरं हलगी गल्लीच्या तोंडाशीच थांबवतात, कारण एखाद्या खिडकीतून कुणाची तरी आई ओरडलेली असते, "आरं, पोरं अभ्यासाला बसल्यात, जरा गप ऱ्हावा की!" त्या दिवसांतला सर्वांत मोठा आवाज बहुधा तिचाच असतो. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांच्या कडेकडेने मुलं पुस्तक नाकासमोर धरून येरझाऱ्या घालतात, आणि पाठांतराची एक गुणगुण दुपारभर उन्हासारखी पसरून राहते.

यंदाही गल्ली तशीच शांत झाली, आणि ज्याचा मला अजून राग येतो असा बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक मार्च आठवला. त्या मार्चमध्ये आमच्या घरात परीक्षा नव्हती. माझी मुलगी सई आठ वर्षांची होती आणि दिवाळीपासून शाळेत जात नव्हती. हातात दोरी घेऊन ती बाहेर जाई, रिकाम्या गल्लीत थोड्या उड्या मारी आणि परत येई.

"आई, सगळ्यांची परीक्षा आहे. माझी कधी?"

"तुझी नाही."

"कधीच नाही?" हे तिने आनंदाने विचारलं नव्हतं.

सईला वाचनाचं वेड होतं आणि शाळेला त्या वेडाची अडचण होत होती. दप्तरातलं गोष्टीचं पुस्तक 'अवांतर' म्हणून काढून घेतलं जाई; 'अवांतर' या शब्दावर माझा तेव्हापासून दात आहे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, बाळंतपणात पीएच.डी.ची नोंदणी सुटली होती आणि ती पुन्हा करण्याचा माझा हट्ट सुटला नव्हता. अशा बाईने जे करावं ते मी केलं. प्रश्नाची मांडणी केली. शाळेत वेळ किती जातो, त्यातला शिकण्यात किती जातो, उरलेल्या वेळात नेमकं काय होतं. उत्तर स्पष्ट होतं. उत्तर स्पष्ट असलं की माणसं ते मान्य करतात, असा माझा समज होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

"बुद्धी जास्त झाली की अशी डोक्यातनं बाहेर सांडती," एवढं बोलून सासूबाईंनी आपला निषेध नोंदवला. शेजारच्या शोभाकाकू मात्र चौकशीला घरात आल्या.

"वैनी, पोरीला शाळंतनं काढलं म्हणं? काय दुखतंय का तिला?"

"नाही काकू. ती घरी शिकते."

"व्हय? मग परीक्षा कोण घेतंय?"

"कुणीच नाही."

"मग कळणार कसं, पास का नापास?"

आपल्याकडच्या शिक्षणविचाराचा इतका नेमका सारांश मला पुढे कुठल्याही जाडजूड अहवालात आढळला नाही.

दोन चौक सोडून एक सायबर कॅफे होता. प्लायवूडचे खण, प्रत्येक खणाला पडदा, पडद्याआड कॉलेजातल्या मुलांचं दबलेलं हसू आणि सगळ्यावर साचलेला गरम यंत्रांचा व उदबत्तीचा मिश्र वास. मालक मला पाहिलं की सांगत, "वैनी, लाईन आज लई स्लो हाय. पान उघडूस्तवर च्या पिऊन या." मी चहाला जात नसे. सई माझ्या मांडीवर बसे आणि आम्ही दोघी पडद्यावर चित्र उतरण्याची वाट पाहत असू. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उमटे. आधी आकाश, मग झाडाचा शेंडा, मग फांदी. पुढच्या पट्टीत काय असेल यावर आमची पैज लागे. आता सगळं डोळा मिटेपर्यंत उघडतं. ओळखायला वेळच उरत नाही. त्या संथपणाची मला आज आठवण येते. तेव्हा मात्र माझा संताप संताप होत असे.

तिथेच मला घरी शिकवणाऱ्या, पुस्तकांवर जीव असलेल्या कुटुंबांचा एक मेल-ग्रुप सापडला. पुणे, मुंबई, बंगळूर, कुठली कुठली माणसं. भाषा अर्थातच इंग्रजी. कुणी जुन्या बालपुस्तकांचे दुवे पाठवी, कुणी प्रयोगांची पानं, कुणी वाचनाच्या याद्या. पहिले काही दिवस मी अधाशासारखी छापत सुटले. नंतर माझ्यातली विश्लेषक जागी झाली. देणारे थोडे होते, घेणारे पुष्कळ. आणि मुलांना मुळात वाचायला शिकवावं की ते आपोआप येऊ द्यावं, यावर भांडणारे त्या दोघांपेक्षाही जास्त. भांडण रंगलं की दुव्यांचा ओघ आटे. सारा देश एका तारेवर आलेला, आणि त्या तारेवर आम्ही काय वाहून नेत होतो, तर एकमेकांची मतं.

मला मतं नको होती, माणसं हवी होती. म्हणून इथल्या एका वृत्तपत्राच्या वाचकांच्या सदरात मी चार ओळी लिहिल्या. त्यावर दोन उत्तरं आली. एक कुरुंदवाडच्या संघमित्राताईंचं. त्या आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या आणि त्यांचा मुलगा दम्यामुळे निम्मं वर्ष घरीच असे. दुसरं गडहिंग्लजपलीकडच्या नेसरीच्या महादेवीचं. तिच्या नवऱ्याची, बसवराजची, पिठाची गिरणी होती. बारावी होऊन लग्न करून आलेली महादेवी दळणाच्या पिशव्यांतून येणारे कागदसुद्धा सरळ करून वाचत असे. तिची अकरा वर्षांची शिवलीला काविळीने आजारी पडून बरेच महिने घरी राहिली, त्या काळात तिने घरातलं छापील असं सगळं वाचून संपवलं, आणि बरी झाल्यावर शाळेत जायला साफ नकार दिला. आईने जबरदस्ती केली नाही. आजोबांनी, म्हणजे त्यांच्याकडच्या बोलीत अज्जांनी, एक अट घातली.

"जूनपतोर बघतो," अज्जा म्हणाले होते. "जूनला मला दिसाय पायजे पोरगी काय शिकली ती. न्हाईतर शाळा."

दिसलं पाहिजे. मला ही अट आवडली. ती प्रयोगशाळेतली अट होती. आपण दाखवू, असं मी मनाशी म्हटलं आणि त्या मुलीचा जून हा माझाही जून झाला.

जानेवारीत महादेवी शिवलीलाला घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला आली, तेव्हा त्या दोघी दिवसभर आमच्याकडे होत्या. सई आणि शिवलीला एका पलंगावर, एक पुस्तक दोघींच्या हातांत. शिवलीलाचं वाचून आधी होई. ती पानाच्या तळाशी थांबे, छताकडे बघे, आणि सईने मान हलवली की पान उलटवी. संध्याकाळी त्या गेल्यावर सईने पलंगावरची ती बाजू कुणाला बसू दिली नाही. पुस्तकांवर माझा विश्वास होताच. पण पुस्तकाची दुसरी कड धरायला कुणीतरी लागतं, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं, आणि कामाच्या गडबडीत त्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही.

काम चोख चाललं होतं. मी कॅफेत छापायचं, पानं शिवून त्यांना खाकी पुठ्ठा लावायचा, पुडकं बांधायचं आणि स्टँडवर जाऊन गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. आमच्या भागात औषधं, डबे, लग्नपत्रिका, चष्मे, सगळं असंच जातं. कंडक्टर पुडकं हातात घेऊन वजन बघत.

"काय हाय बाई ह्यात?"

"पुस्तकं."

"परीक्षेची व्हय? मग देतो की. पोरांचं नुकसान नगं."

मी त्यांचा गैरसमज दूर करत नसे. परीक्षेच्या नावावर या जिल्ह्यात काहीही वेळेवर पोहोचतं.

पोहोचलेल्या पुडक्यांवर महादेवीचे प्रश्न येत. ती गिरणीतल्या फोनवरून बोले, त्यामुळे तिच्या प्रत्येक वाक्यामागे पट्ट्याची घरघर असे, आणि तिकडच्या बायकांच्या रीतीने ती स्वतःबद्दल 'आलो', 'गेलो' असंच म्हणे.

"अक्का, मेपलची पानं गोळा करा म्हणून लिवलंय. गडहिंग्लजात विचारून आलो. कोण न्हाई म्हणतंय. आमच्यात उंबराची हाईत, चालतील?"

"चालतील, महादेवी."

"आनि बर्फात पावलांचे ठसे बघायचं म्हणालेत. ते गिरणीत सांडलेल्या पिठात बघितलं तर? शिवलीलानं उंदराचे बघितल्यात. मांजराचे बी हाईत."

मी हसले, आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं. बर्फाऐवजी पीठ हे त्या मुलीचं संशोधन होतं, आणि तिच्यापर्यंत पोहोचणारं प्रत्येक पान मात्र दुसऱ्याच कुणाच्या अंगणातून आलेलं होतं. आमच्या ओढ्यांवर, आमच्या झाडांवर, आमच्या भाषेत, मुलांच्या हातात देण्याजोगं त्या अफाट जाळ्यात मला काही सापडत नव्हतं. तेव्हा आपणच लिहायचं ठरलं. संघमित्राताईंनी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे पक्षी हाताने लिहून पाठवले. मी झाडं घेतली. शीर्षक 'आपल्या ओढ्याकाठची झाडं'. माझी महत्त्वाकांक्षा लहान नव्हती. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात असा एक ग्रुप आणि प्रत्येक ग्रुपकडे आपल्या मातीतली, मराठीतली पानं, मग राज्यभर. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून मराठी अक्षरांचा फाँट घेतला आणि घरच्या जुन्या संगणकावर सगळं टंकलं. करंजाच्या फुलांबद्दल लिहिताना फेब्रुवारी संपून मार्च कधी लागला कळलं नाही.

आणि मग मी सुधारणा केली. पुडकं कशाला, स्टँड कशाला, मेल आहे ना! गडहिंग्लजच्या कॅफेवाल्याला फाईल पाठवायची, त्याने तिथे छापायचं आणि नेसरीच्या गाडीत द्यायचं. निम्मा प्रवास वाचला. तर्कात काही चूक नव्हती. फक्त तिथल्या संगणकावर तो फाँट नव्हता. चिंच, करंज, उंबर आणि जांभूळ निघाले कोल्हापुरातून, आणि तिथल्या कागदावर उतरले ते डोक्यावर टोप्या घातलेले इंग्रजी ए, शेपटी फुटलेले सी, पौंडाची चिन्हं आणि अर्ध्यातून चिरलेली वर्तुळं. पानंच्या पानं. कॅफेवाल्याने ती निमूटपणे छापली. नंतर मी त्याला फोनवर खडसावलं तेव्हा तो म्हणाला, "म्याडम, मला वाटलं फ्रेंच हाय. तुम्ही शिकल्याली माणसं."

पुढचं सगळं बसवराजने मला सांगितलं, आणि तो रंगवून सांगणारा माणूस नाही. नेसरीच्या वाटेवरच्या एका गावात गाडी थांबली. कंडक्टर चहाला उतरला, आणि जोखमीची वस्तू म्हणून ती पानं त्याने काखेत धरली. समोरच दहावीचं परीक्षा केंद्र होतं आणि त्या दिवशी भरारी पथक आलेलं होतं. दारावरच्या रखवालदाराने काखेतली पानं पाहिली.

"काय हो ते?"

"परीक्षेचं हाय," कंडक्टर नेहमीच्या सवयीने म्हणाला.

पानं उघडली गेली. माणसं जमली.

"ही कुठली भाषा?"

"मला काय म्हाईत? नेसरीच्या बसवराज गिरणीवाल्याला द्यायचंय."

"त्याचं कोण हाय धाव्वीला?"

"कोणच न्हाई."

"मग हे असं लपवून लिवायचं काय कारण?"

बसवराजला फोन करून बोलावून घेतलं. पेपर सुटेपर्यंत त्याला केंद्राच्या ओट्यावर बसवून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांनी त्याला पाहिलं. त्यांतले निम्मे त्याच्याकडे दळण देणारे. शेवटी पथकातल्या एका मॅडमनी पानं वर-खाली पाहिली आणि निकाल दिला, "हे कुणालाच वाचता येत नाही. कॉपी निदान वाचता तरी यावी लागते. सोडा त्यांना."

त्यांनी सोडलं. गावाने सोडलं नाही. गिरणीत डबा ठेवताना कुणी म्हणे, "बसवराज, पुढच्या साली आमच्या पोराला बी तेवढं फ्रेंचमधनं पाठव की." आणि महादेवीला पाणवठ्यावर ऐकावं लागलं की पोरगीला शाळेतून काढलं ते पेपर फोडायला. अज्जांनी आवाज चढवला नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "आमच्या घरातलं पयल्यांदा कोणतरी परीक्षेच्या दारात बसलं. तेबी परीक्षा नसताना."

मी लगेच नवीन प्रती पाठवायला निघाले होते. महादेवीने फोनवर थांबवलं. "आत्ता नको अक्का. थोडं दिस कायच नको."

थोडे दिवस काहीच नको! जून जवळ येत होता आणि मी हात बांधून बसले होते. त्या दिवसांतली माझी चिडचिड अंगावर पुरळ उठावं तशी होती. कुठेही हात लावला तरी आग. मी मेल-ग्रुपवर फाँटची अडचण मांडली, मराठीसाठी कुणाकडे काही उपाय आहे का, असं विचारलं. उत्तरं आली. इंग्रजीतच द्या ना, असं तिघांनी सुचवलं. मुलांना लवकर सवय होईल, हा फायदाच नाही का? चौथ्या बाईंनी मेपलच्या झाडावरचा एक सुंदर दुवा पाठवला.

आज ही अडचण राहिलेली नाही. आता मराठी कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसते. त्यामुळे पुढे आम्ही आणखी काही का लिहिलं नाही, याचं कारण सांगणं मात्र अवघड झालं आहे.

मार्च संपत आला असताना एका दुपारी गिरणीच्या घरघरीतून शिवलीलाचा आवाज आला. ती ओरडून बोलत होती. "मावशी, करंजाच्या शेंगांत तेल असतंय न्हवं? असंच लिवलंय न्हवं तुम्ही?"

"तुला कुणी सांगितलं?"

"वाचलं की!"

ती पानं बसवराजने परत आणली होती आणि कुणी जाळून टाकण्याआधी तिने ती गादीखाली घातली होती. शीर्षक मी फोनवर आधीच सांगितलं होतं, त्यामुळे ते तिला माहीत होतं. तिने शीर्षकातलं एकेक चिन्ह घेतलं, त्याच्यापुढे मराठीतली खूण लिहिली, आणि मग पानभर ते चिन्ह हुडकत गेली. "सगळ्यांत जास्त येतोय तो काना," ती म्हणाली. "काना सापडला की निम्मं झालं. मग झाडांची नावं ओळखू आली. नावं आली की ऱ्हायलेली अक्षरं आपोआप पडत्यात. एकच खूण अडलीया मावशी, ती एकदाच आलीया, तिला जोडीदार न्हाई."

कुणी न शिकवता त्या मुलीने वारंवारिता मोजली होती, गृहीतक धरलं होतं, ते ताडून पाहिलं होतं, आणि जे सुटत नाही ते सुटत नाही म्हणून वेगळं काढून ठेवलं होतं. एम.एस्सी.च्या वर्गात हे न जमणारी माणसं माझ्या शेजारी बसून पदवी घेऊन गेली होती. मी महादेवीला म्हटलं, "हे अज्जांना दाखव. आजच. त्यांना दिसलंच पाहिजे."

तिने दाखवलं. संध्याकाळी गिरणीपुढे दळणाला आलेली माणसं बसली होती, मधल्या बाकावर अज्जा. शिवलीलाने ते फ्रेंच पान समोर धरलं आणि खणखणीत मराठीत चिंच वाचली, उंबर वाचला, करंज वाचला. कुणीतरी म्हणालं, "पाठ केलं असंल." अज्जांनी पान काढून घेतलं, स्वतः न्याहाळलं, दुसरंच पान पुढे केलं आणि बोट ठेवलं. "हितनं वाच. मधनंच." ती अडखळली, ओठांतल्या ओठांत जुळवत राहिली, आणि तिने वाचलं. गिरणी बंद करून बसवराज दारात उभा होता. फ्रेंचची चेष्टा करणाराच एक जण म्हणाला, "आयला, खरंच की!"

हे सगळं महादेवी मला फोनवर सांगत होती आणि मी विजयाने श्वास रोखून ऐकत होते. "मग अज्जा काय म्हणाले?"

"म्हणाले, एवढी डोक्याची पोरगी घरात बसवून ठेवलीया व्हय रं? घाल तिला शाळंत. पयला नंबर काढंल."

निरीक्षण एकच होतं आणि निष्कर्ष माझ्या बरोबर उलट. मी अनेक प्रयोग फसलेले पाहिले आहेत. प्रयोग यशस्वी झाला म्हणून हरण्याची माझी ती पहिली वेळ. मी सगळी हकीकत रागारागाने मेल-ग्रुपवर लिहिली. कौतुकाचा पाऊस पडला. एका आईने विचारलं, याची वयोगटानुसार वर्कशीट करून मिळेल का, सोबत उत्तरांची किल्ली?

संघमित्राताईंना फोन केला तेव्हा माझा आवाज चढलेला होता. त्यांनी तो चढू दिला, मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला अज्जांचा राग येतो. मला येत नाही. मी पोराला वर्षभर घरी ठेवायचं म्हटलं तेव्हा आमचे दादा, म्हणजे माझे वडील, काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, माझ्या बापाला शाळेच्या पायरीवर बसवलं होतं, आत घेतलं नव्हतं. तू आतनं उठून बाहेर येतीस? त्यावर मी काय बोलणार? पोराचं नाव शाळेत आहे, बरा असतो तेव्हा जातो, आणि पुस्तकं आपली घरी. शाळा नको म्हणायलासुद्धा आधी शाळा आपली असावी लागते."

हे वाक्य मी कुठल्याही बाजूने फोडून पाहिलं तरी फुटलं नाही. तरी माझा राग गेला नाही. त्याला फक्त जायला जागा उरली नाही.

महादेवीशी एकदा शेवटचं भांडून घेतलं. तू आई आहेस, तू ठाम राहा, अज्जांना समजाव. तिने ऐकून घेतलं. त्या दिवशी गिरणी बंद असावी. फोनमधून प्रथमच तिचा नुसता आवाज येत होता.

"अक्का, तुमचं सगळं खरं हाय. पुस्तकं तुमच्यामुळंच आली, हे मी कुठं नको म्हणालोय? पण शिवलीला दिवसभर कुणाशी बोलती सांगा. माझ्याशी, न्हाईतर मांजराशी. तुमच्या त्या ग्रुपात लई माणसं हाईत म्हणता. त्यातलं एक तरी तिच्या शेजारी बसून डबा खातंय काय?"

मी काहीतरी उत्तर दिलं. चांगलं, मुद्देसूद दिलं असणार. मला आता ते आठवत नाही.

जून आला. शाळा उघडायच्या आधी महादेवीचा निरोप आला. शिवलीला म्हणते, सई सोडायला आली तर जाते. सई निरोप ऐकतानाच कपाटातून कपडे काढू लागली होती. आम्ही आदल्या दिवशी नेसरीला गेलो. मुली पुन्हा एका पलंगावर, एक पुस्तक. सकाळी शिवलीलाचा गणवेश इतका नवा होता की तो तिच्या हालचालीनंतर हलत होता. अज्जा छत्री घेऊन पुढे, मागे मुली, त्यांच्या मागे आम्ही दोघी. आभाळ भरलेलं होतं पण पडत नव्हतं. वाटेत अज्जांनी थांबून सईकडे पाहिलं.

"तू कंच्या शाळंत, बाळ?"

"मी घरी शिकते."

"असं व्हय," अज्जा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तसं न पाहण्यात सौजन्य होतं. "मग आज हितंच बस की हिच्या शेजारी. पयला दिवस हाय, एकटी कशी बसंल ती?"

मी तोंड उघडण्याआधी दोघी फाटकातून आत गेल्या होत्या. वर्गाच्या दारात बाई उभ्या होत्या. अज्जांनी काहीतरी सांगितलं, बाई हसल्या, "बसू दे की, पावणी हाय," असं त्यांचं ऐकू आलं, आणि सई आत दिसेनाशी झाली.

मी आणि महादेवी शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलो. ती घरी जाऊ शकत होती, गेली नाही. मी तर कुठेच जाऊ शकत नव्हते. आतून प्रार्थना ऐकू आली, मग हजेरी, मग पाढे. पाढे म्हणण्याची ती पद्धत मला मुळीच मान्य नाही. त्यात संख्येची जाण तयार होत नाही, नुसती लय तयार होते. मी हे महादेवीला सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण त्या लयीत एक आवाज सगळ्यांच्या वर चढत होता, चुकत होता, आणि चुकल्यावर हसत होता. महादेवीनेही तो ओळखला. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं आणि पदराने उगाच फाटकाची कडी पुसत राहिली.

मधली सुट्टी झाली तेव्हा सई धावत बाहेर आली. अनवाणीच. कुणाच्या तरी डब्यातली शेंगदाण्याची चटणी हनुवटीला लागलेली.

"आई, बाई विचारत होत्या, उद्यापण येणार का?" तिला धाप लागली होती. "मी म्हटलं, आईला विचारून सांगते."

फाटकाच्या आत शिवलीला आणि आणखी तिघी-चौघी उभ्या होत्या. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागल्याचा हॉर्न दोनदा वाजला. माझ्याकडे युक्तिवाद होते, आणि ते सगळे बरोबर होते.

"आधी चप्पल घाल," मी म्हणाले.